केनियाचा चहा आणि दरवर्षीचं बोनसचं भांडण – थोडी पार्श्वभूमी

ऑक्टोबर जवळ आला की केनियातून चहाच्या बोनसच्या बातम्या सुरू होतात, अमक्या फॅक्टरीने किलोमागे चांगले शिलिंग दिले, तमक्या फॅक्टरीने त्याच्या निम्मे पण नाही दिले, मग शेतकरी चिडतात, मोर्चे निघतात, पुढारी भाषणं ठोकतात. आपल्याकडच्या ऊसवाल्याला हे वेगळं समजवायची गरजच नाही, आधी थोडा अ‍ॅडव्हान्स आणि हिशोब झाल्यावर उरलेलं बिल, तोच प्रकार. पण तिथे ही सिस्टिम आली कुठून ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

1903 मध्ये नैरोबीजवळ लिमुरूला केन नावाच्या गोऱ्या सेटलरने भारतातून बी आणून पहिली चहाची झाडं लावली. तेव्हा ती हौसच म्हणायची. खरा धंदा चालू झाला 1924 च्या आसपास, ब्रुक बाँड आणि जेम्स फिनले या दोन कंपन्या केरिचोच्या डोंगराळ भागात उतरल्यावर. उंची दोन हजार मीटरच्या आसपास, लाल माती, वर्षभर पाऊस, जवळच विषुववृत्त त्यामुळे थंडीत झाड झोपलंय वगैरे भानगड नाही, बाराही महिने तोडणी. चहाला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

फक्त ती जागा मोकळी नव्हती. तिथे किपसिगिस आणि तलाई लोक राहत होते. तलाई म्हणजे त्यांच्यातलं धार्मिक पुढाऱ्यांचं घराणं, ब्रिटिशांना त्यांचा भारी धसका, म्हणून 1934 मध्ये खास कायदा करून या सगळ्या तलाईंना बायकापोरांसकट उचलून व्हिक्टोरिया सरोवराकडच्या ग्वासीत नेऊन टाकलं, जिथे मलेरिया आणि झोपेचा रोग पसरवणारी त्सेत्से माशी. हे प्रकरण अजून मिटलेलं नाही, 2022 मध्ये ते युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं.

आता मुख्य मुद्दा. गोऱ्यांच्या काळात आफ्रिकन माणसाने मळ्यात मजुरी करायची, पण स्वतःच्या वावरात चहा लावायचा नाही! कारण काय सांगायचे, तर यांना जमणार नाही, क्वालिटी बिघडेल, रोग पसरतील. पण शेतकऱ्याला घरच्या शेतात पैसे सुटायला लागले तर मळ्यावर राबायला कोण येणार, ही भीती त्यामागे होतीच असं मला वाटतं. 

मग 1952 मध्ये माऊ माऊचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्धचा सशस्त्र उठाव, आणीबाणी, आणि सरकारला कळलं की जमिनीचा प्रश्न नुसता बंदुकीने दाबता येणार नाही. 1954 च्या स्विनर्टन प्लॅनने आफ्रिकन शेतकऱ्यांना नगदी पिकं लावायची वाट मोकळी केली. 1957 मध्ये न्येरी भागात रागाती इथे छोट्या शेतकऱ्यांच्या पानासाठी पहिली फॅक्टरी आली. स्वातंत्र्य मिळालं आणि 1964 मध्ये केटीडीए (केनिया टी डेव्हलपमेंट ऑथॉरिटी) ही छोट्या चहावाल्यांसाठीची सरकारी संस्था उभी राहिली, रोपं उधारीवर, खत उधारीवर, पैसे पानाच्या बिलातून कापून घ्यायचे.

चहाचं पान तोडलं की थांबत नाही, त्याच दिवशी फॅक्टरीत गेलं पाहिजे. म्हणून गावोगाव खरेदी केंद्रं. पाठीवरच्या टोपलीतलं पान टेबलावर ओतायचं, दोन पानं आणि एक कळी एवढंच चालतं, जून पान निघालं की परत, मग वजन, पावती, आणि लॉरी. रस्ता चिखलात गेला की पान वाया, त्यामुळे चहाच्या भागात रस्त्यांवर पण पैसा ओतावा लागला. फॅक्टरीत पान सुकवून सीटीसीच्या (क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं, गुंडाळायचं) दातेरी रोलरमधून काढतात, म्हणजे आपण रोज उकळतो तसला दाणेदार चहा, आणि हे सीटीसी मशीन मूळचं आसामचं, 1930 च्या सुमाराचं. केनियाचा जवळपास सगळा चहा असाच बनतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पाकिस्तान.

विक्री मुख्यतः मोंबासाच्या लिलावात. हा लिलाव 1956 मध्ये नैरोबीत चालू झाला, 1969 मध्ये बंदरावर म्हणजे मोंबासाला गेला, बोली डॉलरमध्ये, आणि युगांडा, रवांडासारख्या शेजाऱ्यांचा माल पण तिथेच येतो. प्रत्येक फॅक्टरीचा चहा तिच्या नावाने विकला जातो, भाव वेगळा, खर्च वेगळा, आणि बोनसमधला फरक इथेच तयार होतो. रिफ्ट व्हॅली म्हणजे देशातून उभी जाणारी लांबलचक दरी, तिच्या पूर्वेकडच्या, माउंट केनियाकडच्या फॅक्टऱ्यांना बहुतेक वेळा जास्त मिळतो, पश्चिमेला केरिचो, बोमेत, किसीकडे कमी. क्वालिटीचा फरक आहे असं एक बाजू म्हणते, पश्चिमेचे शेतकरी म्हणतात मॅनेजमेंट खातंय. दोन्हीत थोडंथोडं तथ्य असावं.

2000 मध्ये केटीडीए खाजगी झाली, म्हणजे कागदावर फॅक्टऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीच्या, शेअरहोल्डर तेच. सहा लाखांच्या आसपास शेतकरी, बऱ्याच जणांकडे एकरभर पण चहा नाही, तरी देशाचा निम्म्याहून जास्त चहा त्यांचाच. पण मालक असून हिशोब हातात नाही ही तक्रार काही थांबली नाही, त्यातून 2020 चा नवा चहा कायदा आला आणि 2021 मध्ये लिलावाला किमान भाव लावून बघितला. भाव धरून ठेवला तर गिऱ्हाईक सरकलं आणि न विकलेला चहा मोंबासाच्या गोदामांत साचत गेला, शेवटी ती किमान किंमत काढून टाकावी लागली.