मोरीतला तो वाळा, देवगांडूळ नव्हे

वळवाचा पहिला पाऊस झाला की सोलापुरात मोबाइलवर तोच फोटो फिरू लागतो. मोरीच्या जाळीतून वर आलेला, वीतभराहून लहान, काळपट, दोरीसारखा जीव आणि खाली ओळ : 'दुर्मिळ देवगांडूळ सापडले'. तो वाळा असतो, म्हणजे बिनविषारी साप.

खात्री करायची तर ओल्या ताटलीत ठेवून भिंगातून बघा. अंगावर चकचकीत खवले, शेपटीच्या टोकाला बारीक काटा आणि लपलपणारी दुभंगलेली जीभ दिसली की वाळा. देवगांडुळाची कातडी बुळबुळीत असते, अंगावर वळ्या असतात आणि डोळ्याच्या पुढे, नाकपुडीच्या बाजूला, आतबाहेर होणारा इवलासा स्पर्शक असतो. मीठ मात्र टाकू नका. ओल्या कातडीतून पाणी ओढले जाऊन देवगांडूळ तडफडून मरते.

देवगांडूळ हा बेडकाचा बिनपायाचा भाऊबंद, अपाद गणातला उभयचर. १९६० साली प्राणिशास्त्रज्ञ टेलर यांनी खंडाळ्याच्या नमुन्यावरून इंडोटायफ्लस बॅटर्सबाय ही जाती नोंदवली. २००३ साली आंबोलीची गेगेनिओफिस डॅनिएली आली, २००४ साली कोयनेजवळच्या हुंबर्ली गावची इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस. जाती ओळखायच्या त्या मुख्यतः वळ्या मोजून. काही वळ्या अंगाभोवती पूर्ण फिरतात, काही अर्ध्यावर थांबतात आणि काहींत कातडीखाली सूक्ष्म खवले दडलेले असतात. इंडोटायफ्लस आणि गेगेनिओफिस या दोन्ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, इंडोटायफ्लिडी कुळातल्या. याच कुळातली भावंडे सेशेल्स बेटांवर आहेत. देवगांडुळाने समुद्र पोहून ओलांडलेला नाही, जमीनच दुभंगून दूर गेली.

आता खरी गंमत. हा जीव माती उकरतो कशाने? पाय नाहीत, वळवळायला जागा नाही. त्याचे शरीर म्हणजे नळीत नळी. कातडी आणि तिला चिकटलेले स्नायू ही बाहेरची नळी, कणा ही आतली, आणि दोघांची बांधणी सैल. कातडी बिळाच्या भिंतीला टेकून स्थिर राहते आणि आत कणा नागमोडी दुमडून पुन्हा सरळ होतो. सरळ होताना कवटी पाचरीसारखी पुढे घुसते. शिवाय पोटाभोवती दोन्ही दिशांनी तिरके विणलेले स्नायुबंध असतात. स्नायूंनी अंगाचा घेर आवळला की आतला द्रव दाबला जातो. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून नळी लांबते. टूथपेस्टची ट्यूब आवळण्यासारखेच, फक्त झाकण घट्ट लावलेले. १९९७ साली मेक्सिकन देवगांडुळावर मोजमाप झाले तेव्हा त्याचा पुढचा जोर तेवढ्याच आकाराच्या बिळकरी सापांच्या सुमारे दुप्पट भरला.

पण ही युक्ती भिंत असेल तरच चालते, आणि भिंत मऊ व ओली हवी. सह्याद्रीच्या जांभ्या मातीत, पालापाचोळ्याखाली ती मिळते. सोलापूरच्या काळ्या जमिनीत चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेत टेकायला काही नाही, दोन भेगांमधले ढेकूळ विटेसारखे टणक. त्यात हा जीव कातडीतूनही श्वास घेतो, कातडी सुकली की संपला.

वाळ्याला यातली कुठलीच अडचण नाही. खवल्यांमुळे पाणी टिकते, वाट मुंग्या-वाळवीच्या बिळांतून मिळते आणि अंडी त्यांचीच खायची. घराघरांत आढळणाऱ्या ब्राह्मणी वाळ्यात नर सापडत नाहीत, मादी एकटीच अंडी घालते. नर्सरीच्या कुंडीतून एक आली तरी वस्ती होते. तिला 'दुतोंड्या' म्हणून ठेचणे हा अडाणीपणा, आणि खऱ्या दुतोंड्याला, म्हणजे मांडुळाला, गुप्तधनासाठी विकणे हा तर गुन्हाच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.