फेरीची शर्यत: गोव्यातील हौशी क्रॉस-कंट्री सायकलिंगची पार्श्वभूमी

रस्त्यावरच्या सायकलिंगमधून आलेल्या हौशी सायकलपटूला क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यतीत सर्वांत आधी बुचकळ्यात पाडते ती तिची आखणी. गोव्यातले अनेक हौशी सायकलपटू दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेरफटका-चाचण्या, करत किंवा पुणे ते गोवा अशा सुमारे 640 किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरची तयारी करत या छंदात मुरलेले असतात; तिथे कापलेल्या अंतराला मान असतो. क्रॉस-कंट्रीत मात्र चार-पाच किलोमीटरची एकच फेरी तासभर, सव्वा तास पुन्हा पुन्हा मारायची असते, त्यात एक फेरी पुढे असलेला स्पर्धक मागून येऊन ओलांडून जातो आणि काही वेळा पंच शिटी वाजवून मागे पडलेल्याला बाहेर काढतात. ही आखणी का व कशी ठरली, हे पाहिल्याशिवाय या शर्यतीची तयारी नीट करता येत नाही, असे माझे मत आहे.

गंमत अशी की माउंटन बाइकची पहिली नावाजलेली शर्यत फेऱ्यांची नव्हतीच, आणि तिच्यात चढही नव्हता. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून उतरणाऱ्या एका मातीच्या वाटेवर 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी घड्याळ लावून एकेकाला खाली सोडले. साडेतीन किलोमीटरच्या आतच ही वाट सुमारे 400 मीटर खाली उतरते. सायकली होत्या 1930-40 च्या दशकांतल्या, लहान मुलांसाठी बनवलेल्या, जाड टायरच्या आणि अतिशय जड. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पॅडल उलटे दाबल्यावर लागे. एवढा उतार त्या ब्रेकवर उतरताना हब इतका तापायचा की आतले ग्रीस वितळून धूर होऊन निघून जायचे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून, पुसून, त्यात नव्याने ग्रीस भरावे लागायचे. ग्रीस पुन्हा भरण्याच्या या कामावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी त्यातलीच. फिशरची 4 मिनिटे 22 सेकंदांची वेळ तिथे विक्रम म्हणून नोंदली गेली. यातल्या कोणालाही त्या वेळी यातून पैसा मिळत नव्हता. अस्सल हौशी शर्यत म्हणावी ती हीच.

उतारावरून चढाकडे हा खेळ वळला तो गिअरमुळे. जुन्या सायकलींना गिअर बसवता येतात हे दिसल्यावर त्या डोंगरावर ढकलत किंवा ट्रकमधून न्यायची गरज उरली नाही. 1977 मध्ये ब्रीझने मुद्दाम या कामासाठी नव्या नळ्यांची चौकट बनवली, 1979 मध्ये फिशर व केली यांनी टॉम रिची याने घडवलेल्या चौकटी घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा सुरू केला, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार होणारी सायकल बाजारात आली. चाकाचा 26 इंची आकार मात्र दीर्घकाळ त्या जुन्या मुलांच्या सायकलींचाच राहिला. श्विन कंपनीने 1933 मध्ये आणलेल्या फुगीर टायरचा तो वारसा ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावीने 29 इंची चाकांवर सुवर्णपदक जिंकले तेव्हा तो जवळजवळ संपला होता. गोव्यात आजही एखाद्याकडे जुनी 26 इंची सायकल असते आणि तिच्यावर शर्यत पुरी करता येते. चांगला टायर मिळवणे तेवढे कटकटीचे होते.

शर्यतींना नियमपुस्तक मिळाले ते विम्यापायी. जमीनमालक आणि सरकारी खाती विम्याशिवाय वाट वापरू देईनात, म्हणून 1983 मध्ये अमेरिकेत ‘नोर्बा’ ही संघटना उभी राहिली आणि तिने नियम आखले. त्यातला सर्वांत तडफदार नियम स्वावलंबनाचा होता: सायकल बिघडली तर ती स्पर्धकानेच, जवळच्या हत्यारांनी, कोणाची मदत न घेता दुरुस्त करायची. आंतरराष्ट्रीय शर्यतींतून हा दंडक 2000 नंतरच्या दशकात सैल झाला आणि मार्गावर ठरावीक ठिकाणी मदत घ्यायला परवानगी मिळाली. पाणी आणि चाक दोन्ही आज त्याच आखलेल्या पट्ट्यात घ्यायचे असते. हौशी शर्यतीत मदतनीस नसल्यामुळे जुना नियम आपोआपच लागू राहतो. खिशात ट्यूब, पंप आणि चेन जोडायची कडी नसेल तर पंक्चर झाल्यावर सायकल खांद्यावर घेऊन पट्ट्यापर्यंत चालत जावे लागते.

फेरीची कल्पना युरोपातून आली. फ्रान्समध्ये 1902 पासून सायक्लो-क्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा होत होती आणि 1950 मध्ये पॅरिसमध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली. चिखल, गवत, अडथळे आणि छोटा वर्तुळाकार मार्ग असा तो खेळ होता. एकाच जागी उभ्या असलेल्या प्रेक्षकाला स्पर्धक अनेकदा दिसत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, 1990 मध्ये कोलोराडोतील ड्युरँगो येथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. क्रॉस-कंट्रीत पुरुषांत नेड ओव्हरएंड आणि महिलांत ज्युली फर्टाडो विजयी झाले. पुढच्याच वर्षी विश्वचषक मालिका सुरू झाली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. त्याच ऑलिंपिकपासून सायकलिंगमध्ये व्यावसायिक खेळाडूंनाही दार उघडले गेले होते. त्यामुळे हौशी पोरांनी उभा केलेला हा खेळ ऑलिंपिकच्या हौशी काळात तिथे कधी खेळलाच गेला नाही.

अटलांटातील पुरुषांची शर्यत जवळपास 48 किलोमीटरची होती. नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंटयेन्सला उकाड्यात ती जिंकायला 2 तास 17 मिनिटांहून अधिक वेळ लागला. टोकियोत, म्हणजे प्रत्यक्षात 2021 मध्ये, ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने 1 तास 25 मिनिटांत सुवर्ण मिळवले. पंचवीस वर्षांत शर्यत पाऊण तासाहून अधिक आखडली. याचे मोठे कारण दूरचित्रवाणी: छोटी फेरी कॅमेऱ्यांना पुरते, आणि रचून ठेवलेले दगड, लाकडी उड्या व तीव्र उतार त्याच त्या ठिकाणी पाच-सहा वेळा दाखवता येतात. यातूनच 80 टक्क्यांचा नियम प्रतिष्ठित झाला. पहिल्या क्रमांकावरील स्पर्धकाला पहिल्या फेरीला जितका वेळ लागतो, त्या वेळेच्या 80 टक्क्यांइतका जो आघाडीच्या मागे पडतो त्याला पंच मार्गाबाहेर काढतात, म्हणजे आघाडीच्या वाटेत तो येत नाही. पुढच्याची पहिली फेरी 15 मिनिटांची असेल, तर 12 मिनिटे मागे पडलेला हौशी स्पर्धक या हिशेबाने संपला.

टोकियोतल्याच एका घटनेचा उल्लेख सराव फेरीच्या संदर्भात करावासा वाटतो. मातब्बर मानला गेलेला मॅथ्यू व्हॅन डर पूल एका उंच दगडी उडीवर सपशेल आपटला. सरावाच्या वेळी तिथे लावलेली लाकडी उतरण शर्यतीत काढून टाकलेली आहे, हे त्याच्या ध्यानात नव्हते. फेरीची शर्यत म्हणजे पाठांतराची शर्यत आहे. प्रत्येक वळण, दगड आणि मूळ तोंडपाठ असणाऱ्याला श्वास जपता येतो. शर्यतीच्या सकाळी पावणेसातला पोहोचून थेट सुरुवातीच्या रेषेवर उभे राहणे हे, माझ्या मते, हौशी स्पर्धकाचे सर्वांत महागडे आळशीपण आहे.

भारतात ही सायकल आधी दिसण्यासाठी आली आणि शर्यतीसाठी नंतर. 1990 च्या दशकात जाड टायरची, सरळ हँडलची ‘हीरो रेंजर’ शाळकरी मुलांच्या स्वप्नात होती, पण तिच्यावर डोंगर चढण्याचा विचार फारच थोड्यांनी केला. पुण्यात 2003 पासून सह्याद्रीत होणाऱ्या ‘एंड्युरो3’ या साहसी स्पर्धेत सायकलिंग, चालणे आणि नदी ओलांडणे एकत्र आले. 2005 मध्ये हिमाचलात ‘एमटीबी हिमालया’ ही अनेक दिवसांची शर्यत सुरू झाली. त्याच सुमारास फायरफॉक्सने आयात सायकली विकायला घेतल्या आणि 2009 मध्ये डेकॅथलॉन भारतात आले, तेव्हा चांगला फोर्क आणि डिस्क ब्रेक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाची राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धा होतेच, पण ती राज्य संघांची असते; हौशी माणसाला आपल्या जिल्ह्यात, आपल्या तालुक्यात शर्यत हवी असते.

गोव्यात सायकल ही मुळात कामाची वस्तू. भोंपू वाजवत पाव पोहोचवणाऱ्या पोदेराच्या सायकलीमागची टोपली गावोगावी लोकांच्या ओळखीची आहे. माउंटन बाइकला लागणारी जमीन मात्र राज्याच्या पूर्व भागात आहे आणि ती कोणाच्या हाती आहे हेच इथल्या शर्यतीच्या आखणीचे मुख्य सूत्र आहे. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे एक पंचमांश भाग म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर व इतर अभयारण्यांत आणि मोले राष्ट्रीय उद्यानात मोडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि शंभर सायकलींच्या शर्यतीला परवाना मिळण्याची आशा धरणे भाबडेपणाचे ठरेल. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निकालाचे पर्यवसान काहीही होवो, म्हादई ज्या तालुक्यात आहे त्या सत्तरीच्या जंगलात शर्यत होण्याची शक्यता त्यामुळे वाढत नाही, आणि ती वाढावी अशी माझीही इच्छा नाही.

खाणींचे रस्ते हा दुसरा पर्याय. पोर्तुगीज राजवटीतल्या 1906 च्या खाण कायद्याखाली खाणकामाचे हक्क (‘कन्सेशन’) देण्यात आले, 1987 च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले, आणि 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. त्याच्यासाठी डिचोली, सत्तरी, सांगे तालुक्यांत तांबड्या मातीचे रुंद रस्ते तयार झाले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्टे रद्द केले, आणि टिपर थांबले तसे हे रस्ते ओस पडले. भरलेला टिपर चढावा म्हणून त्यांचा चढ बेताचा ठेवलेला असतो. दम वाढवायला ते उत्तम, पण वळण कापणे, मुळावरून चाक उचलणे, घसरणाऱ्या उतारावर ब्रेक सोडणे यातले तिथे काहीच शिकायला मिळत नाही. शिवाय नव्या लिलावांनंतर 2024 पासून उत्खनन पुन्हा सुरू होऊ लागले आहे, तेव्हा हा मैदानी वर्ग कायमचा नाही.

उरतात खासगी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीच्या, जमिनी: काजूच्या बागायती आणि कातळाचे सडे. जांभा दगडाची झीज होऊन सुटणारे गोलसर खडे छर्‍यांवर चालवल्यासारखे चाक सरकवतात. तिथे टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी लागते, पण फार कमी ठेवली तर जांभ्याच्या धारदार कडेवर ट्यूब चिमटून फुटते. जून ते सप्टेंबर हाच दगड शेवाळाने निसरडा होतो. चवथीनंतर पाऊस ओसरला तरी रान माजलेले असते, ते कापून वाट मोकळी करेपर्यंत दिवाळी येते. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस काजूचा हंगाम सुरू होतो. पडलेली बोंडे जमिनीवरून वेचायची असल्याने कोणताही बागायतदार तेव्हा सायकली आत घेणार नाही. म्हणजे शर्यतीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य एवढाच काळ हाती राहतो.

एका मालकाच्या कुंपणात बसेल, चार-पाच स्वयंसेवकांना सांभाळता येईल आणि रुग्णवाहिका सगळीकडे पोहोचू शकेल, अशी वाट म्हणजे तीन-चार किलोमीटरची फेरीच. युरोपात जी गोष्ट कॅमेऱ्यांनी घडवली, ती इथे सातबाराच्या गोव्यातल्या भावंडाने, एक-चौदाच्या उताऱ्याने घडवली आहे. म्हणूनच हौशी शर्यतीत 80 टक्क्यांचा नियम जसाच्या तसा लावायचे कारण उरत नाही. अनेक आयोजक मागे पडलेल्याला बाहेर न काढता विजेता पोहोचल्यावर त्याची चालू फेरी पुरी करू देतात, आणि निकालपत्रात त्याच्या नावापुढे वेळेच्या जागी ‘उणे एक’ किंवा ‘उणे दोन’ अशी कमी पडलेल्या फेऱ्यांची नोंद होते.