पोलीस कोठडी आणि संशयिताची चौकशी

गुन्ह्याच्या संशयावरून पोलिसांनी एखाद्याला ताब्यात घेतलं की त्याला किती वेळ ठेवायचं, कुठे ठेवायचं, काय आणि कसं विचारायचं, तो गप्प बसला तर काय आणि हे सगळं नीट झालं की नाही ते कोण बघणार, ह्याबद्दलचे कायदे, कोर्टाचे निकाल आणि पोलीस खात्याचे आदेश मिळून हा विषय होतो. देशोदेशी ह्यात बराच फरक आहे पण अडचण सगळीकडे तीच, ज्याच्यावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही असा माणूस काही तास किंवा काही दिवस पूर्णपणे पोलिसांच्या हातात असतो, बाहेर काय चाललंय ते त्याला कळत नाही आणि आत काय चाललंय ते घरच्यांना कळत नाही. मारहाण आणि खोटे कबुलीजबाब ह्याला सगळ्यात जास्त वाव ह्याच वेळात असतो, म्हणून नियमांचा सगळा भर त्यावर.

पहिला प्रश्न वेळेचा. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात अटक केलेल्याला ‘तत्परतेने’ न्यायाधीशापुढे न्यावं एवढंच म्हटलंय, तास दिलेले नाहीत, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१४ मध्ये सांगितलं की साधारण ४८ तास पुरेसे आहेत. भारतात राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. जर्मनीत अटकेच्या दुसऱ्या दिवसाच्या शेवटापर्यंत. इंग्लंडमध्ये साधी मर्यादा २४ तास, गंभीर गुन्हा असेल तर वरचा अधिकारी ती ३६ पर्यंत वाढवू शकतो आणि त्यापुढे कोर्टाची परवानगी घेऊन जास्तीत जास्त ९६ तास. जपानमध्ये मात्र आरोप ठेवण्याआधी २३ दिवसांपर्यंत आत ठेवता येतं, न्यायाधीशाच्या परवानगीने पण बरेचदा पोलीस स्टेशनच्याच कोठडीत, आणि त्यावर जगभरातून टीका होते. दहशतवादाच्या कायद्यांत हे आकडे सगळीकडेच वाढतात, इंग्लंडमध्ये १४ दिवस, भारतात यूएपीएखाली पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत.

भारतात मॅजिस्ट्रेटपुढे नेल्यावर पोलीस रिमांड मागतात. मिळालेली कोठडी पोलिसांची असेल तर पीसीआर, न्यायालयीन असेल तर एमसीआर, कोर्टाच्या आवारात सगळे हेच शब्द वापरतात. यूएपीएसारखे कायदे सोडले तर पीसीआर एकूण १५ दिवसांच्या वर मिळत नाही, जुन्या कायद्यात तो पहिल्या १५ दिवसांतच घ्यावा लागायचा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मात्र तो तुकड्यातुकड्याने पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येतो. हा बदल लहान नाही, कारण एमसीआरमध्ये गेलेल्या माणसाला आता परत लॉकअपमध्ये आणता येतं आणि ही टांगती तलवार असताना जामीन मिळवणंही अवघड जातं.

पण घड्याळ मुळात सुरू कधी झालं हाच खरा वादाचा मुद्दा असतो. ‘नुसतं विचारायला बोलावलंय’ म्हणून माणसाला रात्रभर बसवून ठेवायचं आणि अटक दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर दाखवायची, ही युक्ती खूप जुनी आहे, आणि ती चालली तर २४ तासांचा नियम नावापुरताच उरतो. म्हणून डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये जी ११ बंधनं घातली ती बहुतेक नोंदीबद्दलचीच आहेत: अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो जागेवरच बनवायचा, त्यावर वेळ आणि तारीख टाकायची, घरच्या किंवा परिसरातल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि खुद्द अटक झालेल्याचीही सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, कोणाला कळवलं ते डायरीत लिहायचं, अंगावर जखमा असतील तर त्याने मागणी केल्यावर त्या तपासून नोंदवायच्या आणि कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. कोरडा कागद वाटतो, पण ‘मला आदल्या दिवशीच उचललं होतं’ असं म्हणणाऱ्याच्या बाजूने नंतर तोच उभा राहतो. २०२३ मध्ये पंकज बन्सल खटल्यात मनी लाँडरिंगच्या अटकेची कारणं लेखी द्यायलाच पाहिजेत असं कोर्टाने सांगितलं, नुसती वाचून दाखवून भागत नाही.

नोंदीचा सगळ्यात नीट विचार केलेला नमुना बघायचा तर इंग्लंडचा १९८४ चा कायदा, ज्याला पेस म्हणतात. त्याआधी तिथे १९१२ पासून न्यायाधीशांनी घालून दिलेले नियम होते, मार्गदर्शक म्हणून ठीक पण मोडले तरी फारसं काही व्हायचं नाही. १९७२ मध्ये लंडनमधल्या एका खुनात तीन पोरांनी कबुली दिली, सगळ्यात मोठा १८ वर्षांचा आणि बौद्धिकदृष्ट्या मागे, बाकीचे दोघे १५ आणि १४ चे, शिक्षा झाली आणि १९७५ मध्ये ती रद्द करावी लागली. त्यातून चौकशी समिती, मग रॉयल कमिशन आणि शेवटी हा कायदा आला. त्यात कोठडीची जबाबदारी तपास करणाऱ्याकडे ठेवलेली नाही, ती कस्टडी ऑफिसरकडे, आणि त्या केसच्या तपासाशी त्याचा संबंध नसावा लागतो. आत आणल्यापासून प्रत्येक गोष्ट त्याच्या रेकॉर्डवर चढते, कधी आणला, वकील मागितला का, जेवण किती वाजता दिलं, डॉक्टर कधी आला, चौकशीला कधी नेला आणि कधी परत आणला. ठेवायची गरज अजून आहे का हे पहिल्यांदा ६ तासांनी आणि नंतर दर ९ तासांनी दुसरा अधिकारी तपासतो. २४ तासांत सलग ८ तास विश्रांती द्यायची, शक्यतो रात्री, आणि चौकशीत साधारण दर २ तासांनी ब्रेक. झोप मोडलेला माणूस कशालाही हो म्हणतो हे अनुभवाने कळलेलं असल्यामुळे हे तास कायद्याच्या नियमावलीत लिहून ठेवलेत.

गप्प बसायचा हक्क हा दुसरा मोठा भाग. अमेरिकेत १३ जून १९६६ ला मिरांडा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की कोठडीतल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी सांगायलाच पाहिजे, तू गप्प बसू शकतोस, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील मिळेल आणि परवडत नसेल तर सरकार देईल. एर्नेस्टो मिरांडा स्वतः नंतर दुसऱ्या पुराव्यांवर पुन्हा दोषी ठरला, म्हणजे ‘ह्या नियमांमुळे गुन्हेगार सुटतात’ हे म्हणणं निदान त्याच्याच बाबतीत तरी खरं ठरलं नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने ह्या हक्काला थोडी कात्री लागली, चौकशीत न सांगितलेली गोष्ट आरोपीने पुढे कोर्टात आधाराला घेतली तर गप्प राहण्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध काढता येतो. भारतात राज्यघटनेचं कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करू देत नाही, १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालाने हे संरक्षण पोलीस स्टेशनमधल्या प्रश्नांनाही लावलं आणि २०१० मध्ये सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग बंद केलं. वकिलाच्या बाबतीत मात्र भारत मागे आहे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं पण पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असा हक्क नाही. युरोपात २००८ च्या साल्दुझ निकालानंतर पहिल्या चौकशीपासूनच वकील मिळाला पाहिजे हे पक्कं झालं.

पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतात साधारणपणे पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या साक्ष कायद्यात होतं आणि नव्या साक्ष अधिनियमातही तसंच ठेवलंय. एक दार मात्र उघडं आहे: आरोपीने सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली तर बोलण्याचा तेवढा भाग ग्राह्य. म्हणून केस डायऱ्यांमध्ये ‘मी हत्यार लपवलेली जागा दाखवतो’ अशा वाक्यांचे निवेदन पंचनामे भरपूर दिसतात, पंच बऱ्याचदा पोलिसांच्या ओळखीचेच निघतात आणि खटला पुढे त्या पंचांच्या उलटतपासणीत अडकतो. माझ्या मते भारतातल्या चौकशीचा सगळ्यात नाजूक सांधा हाच आहे, कारण वस्तू मिळवण्यासाठी दबाव टाकायचं कारण ह्या अपवादामुळे शिल्लक राहतं.

प्रश्न कसे विचारायचे ह्यात दोन विचार आहेत. अमेरिकेत रूढ झालेल्या रीड पद्धतीत माणूस दोषी आहे असं धरून कबुलीकडे ढकलत न्यायचं असतं, आणि पुराव्याबद्दल खोटं सांगणं तिथे १९६९ च्या निकालापासून चालतं (अल्पवयीनांशी असं करायला इलिनॉयने २०२१ मध्ये बंदी घातली). इंग्लंडने १९९० च्या दशकात पीस नावाची पद्धत आणली, त्यात कबुलीच्या मागे न लागता माहिती काढायची, आधी माणसाला पूर्ण सांगू द्यायचं आणि मग विसंगतीवर बोट ठेवायचं. दबाव काय करू शकतो ह्याचं जपानमधलं इवाओ हाकामादा यांचं प्रकरण वाचायलाही नको वाटतं: १९६६ मध्ये जवळपास २० दिवस, रोज सरासरी १२ तासांच्या आसपास चौकशी, मग कबुली, फाशीची शिक्षा, २०१४ मध्ये सुटका आणि निर्दोष ठरायला २०२४ उजाडलं. जपानने २०१९ पासून गंभीर खटल्यांतल्या चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं केलं.

नियम मोडला तर पुढे काय, ह्यावर त्याचं वजन ठरतं. १९८४ च्या छळविरोधी कराराप्रमाणे छळातून मिळालेला जबाब कुठल्याही कार्यवाहीत वापरता येत नाही, पेसखाली दडपशाहीने घेतलेली कबुली कोर्ट बादच करतं, आणि भारतात कोठडीतल्या मृत्यूसाठी राज्याने भरपाई द्यायची हे १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून ठरलंय. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी निकालात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितले, आतबाहेर जाण्याची दारं, लॉकअप, व्हरांडे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांसकट, फुटेज १८ महिने जपायचं आणि तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तरी कमीत कमी १ वर्ष. कोठडीत गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर तक्रार मानवी हक्क आयोगाकडे नेता येते आणि आयोगाला ते फुटेज मागवता येतं.