१.३ लिटरचा चमत्कार? आधी माझदाच्या तिकोनी रोटरचा हिशेब तर करू

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधल्या तोचिगीच्या कारखान्यातून निस्सानची शेवटची आर३५ जीटी-आर ही स्पोर्ट्स कार बाहेर पडली आणि २००७ पासून चालत आलेलं मॉडेल बंद झालं. दोनच महिन्यांनी टोकियोच्या प्रदर्शनात माझदानं ‘व्हिजन एक्स-कूपे’ ही संकल्पना-गाडी मांडली. तिच्यात दोन रोटरचं टर्बो रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) आहे, जोडीला बॅटरी आणि मोटर आहे, आणि सगळी मिळून ताकद ५१० अश्वशक्ती सांगितली आहे. २०२३ मध्ये याच कंपनीनं ‘आयकॉनिक एसपी’ ही छोटी लाल कूपे दाखवली होती, तेव्हापासून माझदाच्या जुन्या रोटरी स्पोर्ट्स कारची, आरएक्स-७ ची, नवी आवृत्ती येणार म्हणून जगभरचे गाडीवेडे डोळे लावून बसलेत. त्याबरोबर एक जुनं वाक्यही नव्यानं फिरू लागलंय: “आरएक्स-७ चं इंजिन फक्त १.३ लिटरचं, आपल्या हॅचबॅकएवढं, आणि तरी निस्सानच्या २.६ लिटरच्या स्कायलाइनला पाणी पाजायचं!”

हे वाक्य दिशाभूल करणारं आहे. रोटरी इंजिनावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच त्याच्या नावावर असा खोटा पराक्रम खपवलेला मला बघवत नाही.

आधी त्या काळाकडे थोडक्यात बघू. १९८९ ला निस्सानची आर३२ स्कायलाइन जीटी-आर आली, १९९० ला होंडाची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची एनएसएक्स, १९९१ ला माझदाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ आणि १९९३ ला टोयोटाची ए८० सुप्रा. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा कुणी जाहीर करायचा नाही. हा समझोता २००४ पर्यंत टिकला. कागदावर सगळ्यांची मर्यादा एकच असल्यामुळे खरी चुरस ‘किती’ची न राहता ‘कशी’ची झाली. निस्साननं सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा घेतली. टोयोटानं ओतीव लोखंडाचा इतका दणकट ब्लॉक बनवला की हौशी मंडळींनी पुढे त्यातून हजार अश्वशक्ती काढली. हिरोशिमाच्या माझदानं तर पिस्टनच काढून टाकला. (आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस आठवते. या कंपनीनं भारतात मोटारगाड्या कधी विकल्याच नाहीत.)

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. ही खालीवर हालचाल कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट गोल करून देतात. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांचा प्रश्न साधा होता: शेवटी गोलच फिरायचं आहे, तर सुरुवातीपासून गोल का फिरू नये? त्यांचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चाललं.

रोटरीचं घर म्हणजे कमरेत किंचित दबलेल्या शेंगदाण्याच्या शेंगेच्या आकाराची पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर बसतो. रोटरची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्या मध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा लहान होतो. पहिल्यांदा मोठा होताना हवा आणि पेट्रोल आत घेतो, लहान होताना दाबतो, ठिणगी पडली की मोठा होत रोटरला ढकलतो आणि शेवटी लहान होत धूर बाहेर टाकतो. शाळेत शिकलेले चारही स्ट्रोक इथे आहेत, पण झडप एकही नाही. रोटरचं अंगच भिंतीतली दारं उघडतं आणि झाकतं.

रोटर स्वतःच्या मध्याभोवती जागच्या जागी फिरत नाही. मधून जाणाऱ्या शाफ्टवर एक गोल भाग मुद्दाम मध्यापासून सरकवून बसवलेला असतो आणि रोटर त्याच्यावर असतो. म्हणजे रोटर फिरतोही आणि त्याचा मध्य छोट्या वर्तुळात घुमतोही. या दोन गती नेमक्या जुळाव्यात म्हणून रोटरच्या आतल्या बाजूला ५१ दातांचं गिअर असतं आणि ते ३४ दातांच्या स्थिर गिअरवरून लोळतं. ३४ भागिले ५१ म्हणजे दोन तृतीयांश. एकातून ते वजा केलं की उरतो एक तृतीयांश. रोटरची एक फेरी होईपर्यंत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात त्या यामुळे. रोटरच्या एका फेरीत तिन्ही कप्प्यांत एकेकदा ठिणगी पडते, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक धक्का मिळतो.

आता हिशेब. एका कप्प्याची क्षमता काढायची तर तीनच्या वर्गमूळाची तिप्पट घ्यायची आणि तिला तीन मापांनी गुणायचं: मध्य किती सरकवलाय, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतची त्रिज्या, आणि रोटरची जाडी. आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात ही मापं १.५, १०.५ आणि ८ सेंटिमीटर आहेत. ५.१९६ × १.५ × १०.५ × ८ = सुमारे ६५४ घनसेंटिमीटर. दोन रोटर, म्हणून कॅटलॉगमध्ये १३०८ सीसी. ‘१.३ लिटर’ आलं ते इथून.

पण चार स्ट्रोकचं पिस्टन इंजिन आपलं सगळं चक्र शाफ्टच्या दोन फेऱ्यांत पुरं करतं, आणि त्याची सीसी आपण त्या दोन फेऱ्यांत ओढलेल्या मिश्रणावरून सांगतो. तोच नियम रोटरीला लावा. शाफ्टच्या दोन फेऱ्यांत दोन रोटर मिळून चार कप्पे भरतात. चार गुणिले ६५४ म्हणजे २६१६ सीसी. आणि स्कायलाइनचं इंजिन होतं २५६८ सीसीचं! फरक जेमतेम ४८ सीसीचा, तोही आरएक्स-७ च्या बाजूनं. पाणी पाजण्याचा प्रश्नच कुठे येतो? जपानच्या वाहन करातसुद्धा रोटरीची सीसी दीडपट धरतात, कारण कर लावणाऱ्यांनाही कॅटलॉगचा आकडा अपुरा वाटला.

खरं कौतुक करायचं ते आकाराचं आणि वजनाचं. सव्वीसशे सीसीचं काम करणारं हे इंजिन इतकं आटोपशीर आहे की ते पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवता आलं, आणि पुढच्या व मागच्या चाकांवरचा भार जवळजवळ सारखा झाला. जीटी-आर १४३० किलोची, तर आरएक्स-७ साधारण १२५० किलोची. वळणावर ती जी चपळाई दाखवायची तिचं मूळ यात आहे.

एवढं गुणी इंजिन, मग बाकीच्यांनी सोडून का दिलं? रोटरच्या टोकांमुळे. प्रत्येक टोकावर बारीक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. शाफ्ट मिनिटाला ७००० फेऱ्या घेत असेल तर हे टोक भिंतीवरून सेकंदाला सुमारे १५ ते ३७ मीटर वेगानं घासत जातं. वरची मर्यादा ताशी १३० किलोमीटरच्या आसपास भरते. भर म्हणजे सील भिंतीला नेहमी काटकोनात टेकत नाही, दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत कलतं. सुरुवातीच्या इंजिनांत ही सीलं थरथरायची आणि भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. माझदातले लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६१ मध्ये एनएसयूकडून रोटरीचा परवाना घेतल्यावर केनिची यामामोतो यांच्या हाताखालचे सत्तेचाळीस अभियंते याच ओरखड्यांच्या मागे लागले. जपानच्या इतिहासातल्या सत्तेचाळीस रोनिनांची (धनी गमावलेल्या सामुराईंची) आठवण त्या संख्येला चिकटली ती कायमची. सीलच्या आत आडव्या-उभ्या पोकळ्या काढल्या की थरथरीची वारंवारता बदलते हे त्यांना उमगलं. मग विक्रीच्या गाडीसाठी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील तयार झालं आणि मे १९६७ मध्ये माझदाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, बाजारात आली.

दुसरा दोष त्या आकारातच आहे. ठिणगी पडते तेव्हा कप्पा लांबट आणि चपटा असतो, आणि तो पुढे सरकतही असतो. ज्योत मागच्या अरुंद कोपऱ्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून एका रोटरला दोन स्पार्क प्लग द्यावे लागतात. भिंतीचं क्षेत्रफळ जास्त असल्यानं उष्णता निसटते. शिवाय सीलांसाठी थोडं तेल आत सोडावं लागतं आणि तेही जळतं. मायलेज कमी आणि धुराचे नियम अवघड, ते यामुळे. आपल्याकडे ॲव्हरेज वाढवायला पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधा म्हणून सांगणारे लोक आहेत. पेट्रोलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा ज्वलन सुधारेल असा काहीही परिणाम होत नाही, पैसे तेवढे जातात. ज्वलन सुधारायचं तर कप्प्याची भूमितीच बदलावी लागते.

आणखी एक आवडती अफवा: १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या शर्यतीच्या गाडीनं फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, म्हणून चिडून रोटरीवर बंदी घातली. ७८७बी जिंकली हे खरं, आणि ल माँ जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. पण शर्यती ३.५ लिटरच्या पिस्टन इंजिनांकडे नेण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता. माझदाला ते माहीत होतं, म्हणून तर त्यांनी त्या वर्षी जिवाचं रान केलं.

आरएक्स-७ ची वारसदार आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद पडली, तरी माझदानं रोटर सोडला नाही. २०२३ च्या एमएक्स-३० आर-ईव्हीत एकच रोटर आहे आणि तो चाकांना जोडलेलाच नाही, फक्त वीज तयार करतो. मापं बदलली आहेत: १.७५, १२ आणि ७.६ सेंटिमीटर. वरच्या सूत्रात घाला, कॅटलॉगमधल्या ८३० सीसीच्या अगदी जवळ उत्तर येतं. सीलची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ झाली, पेट्रोल थेट कप्प्यात फवारलं जाऊ लागलं, दाब-गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ११.९ पर्यंत गेलं. जनरेटरला सोयीच्या वेगानं चालवता येतं, त्यामुळे रोटरीच्या खोडी बऱ्याच झाकल्या जातात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझदानं रोटरीसाठी वेगळा अभियंत्यांचा गट पुन्हा उभा केला. म्हणून माझी आशा जिवंत आहे. मला त्यांच्याकडून नुसता जनरेटर नकोय, दोन रोटर थेट मागच्या चाकांना जोडलेली हलकी गाडी हवी आहे. तिच्या वाटेतली खरी अडचण आहे गार इंजिन सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांतला धूर. तेव्हा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो आणि कोपऱ्यातलं न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं. बॅटरी आणि मोटर सोबत असली तर गाडी आधी विजेवर चालू पडेल आणि इंजिन मागाहून, हलक्या भारावर, सावकाश तापवता येईल. त्यामुळे नव्या गाडीत बॅटरी दिसली म्हणून रोटरीप्रेमींनी नाक मुरडू नये. रोटर पुन्हा चाकांपर्यंत पोचायचा असेल तर तो याच रस्त्यानं पोचेल असं मला वाटतं.