दुसऱ्या संधीची भरती

अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एक प्रथा. अटक, शिक्षा, व्यसन, आधीच्या महाविद्यालयातून हकालपट्टी किंवा शालेय अपयश असा इतिहास असलेल्या गुणी खेळाडूला प्रशिक्षकाने जाणूनबुजून शिष्यवृत्ती देऊन संघात घेणे, असे तिचे स्वरूप आहे. समर्थक तिला ‘सेकंड चान्स’ म्हणतात. मराठीत रूढ संज्ञा नसल्याने त्याच शब्दांवरून वरील शीर्षक योजले आहे.

‘वादग्रस्त पूर्वायुष्य’ हा शब्दप्रयोग सैलपणे वापरला जातो. फौजदारी गुन्हा, सिद्ध न झालेला संशय आणि निव्वळ परीक्षेतील कमी गुण या तीन वेगळ्या बाबी वृत्तपत्रीय लिखाणात एकाच पोत्यात भरलेल्या दिसतात. या विषयावरील बराचसा वाद त्या घोळातूनच उपजलेला आहे.

उगम : या प्रथेचा आरंभ प्रशिक्षक जेरी टार्केनियन (१९३०–२०१५) यांच्यापासून मानण्याची रीत आहे. ती अर्धवट बरोबर म्हणावी लागेल. त्यांच्या आधीच्या पिढीत कलंकित खेळाडूला दार बंदच असे. १९५१ मध्ये सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामन्यातील गुणांचा फरक आटोक्यात ठेवल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यात आदल्याच वर्षी नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची आणि नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट (एनआयटी) अशा दोन्ही स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू सापडले आणि त्यांची कारकीर्द संपली. १९६१ च्या तशाच प्रकरणात ब्रुकलिनच्या कॉनी हॉकिन्सचे नाव आले. त्याच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झाले नाही, तरीही आयोवा विद्यापीठाने त्याला पहिल्याच वर्षी काढून टाकले. त्यानंतर कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाने त्याला घेतले नाही. एनबीएने (व्यावसायिक बास्केटबॉल संघांच्या लीगने) दार उघडले ते १९६९ मध्ये, तेही न्यायालयीन तडजोडीनंतर. पुढे १९९२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीत) त्याचा समावेश झाला.

उगमाचे दुसरे स्पष्टीकरण दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांकडे बोट दाखवते आणि ते अधिक पटण्याजोगे आहे. शाळेत मागे पडलेला किंवा अन्यत्र बिनसलेला खेळाडू तेथे गुण सुधारून चार वर्षांच्या महाविद्यालयात जाऊ शकत असे. टार्केनियन स्वतः त्याच वाटेने वर आले. रिव्हरसाइड आणि पॅसडीना येथील ज्युनियर कॉलेजांना त्यांनी १९६४ ते १९६७ अशी सलग चार वर्षे कॅलिफोर्नियाची राज्य अजिंक्यपदे मिळवून दिली. १९६८ मध्ये लाँग बीच स्टेट येथे जाताना त्यांनी ज्युनियर कॉलेजांतील ही ओळखपाळख सोबत नेली. ज्युनियर कॉलेजचे खेळाडू घेणे तेव्हा प्रतिष्ठित प्रशिक्षकांना कमीपणाचे वाटे. एका वेळी किती कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवायचे याचा अलिखित संकेतही त्यांनी पाळला नाही. तेव्हा ही प्रथा साधारणपणे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आली, असे म्हणता येईल. तिला देशव्यापी नाव आणि बदनामी मिळाली ती मात्र १९७३ नंतर, टार्केनियन लास व्हेगस येथील नेवाडा विद्यापीठात (यूएनएलव्ही) गेल्यावर.

टार्केनियन खटला : या विषयाच्या चर्चेत ‘एनसीएए विरुद्ध टार्केनियन’ हा निकाल हटकून उद्धृत केला जातो, पण त्याचा मुद्दा खेळाडूंच्या चारित्र्याचा नव्हता. एनसीएएने यूएनएलव्हीच्या चौकशीत ३८ नियमभंग नोंदवले. त्यांपैकी १० टार्केनियन यांच्याशी संबंधित होते. १९७७ मध्ये विद्यापीठाने त्यांना दोन वर्षांसाठी दूर करावे, अन्यथा वाढीव शिक्षा का होऊ नये याचे कारण द्यावे, असा आदेश निघाला. टार्केनियन यांनी नेवाडाच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. प्रश्न असा होता : राज्य विद्यापीठ शासनाचे अंग आहे, म्हणून चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार उचित प्रक्रियेविना ते कर्मचाऱ्यावर कारवाई करू शकत नाही, मग त्या विद्यापीठाला कारवाई करायला लावणारी खाजगी संघटना त्याच बंधनात येते का? नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. संघीय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते फिरवले. विद्यापीठाला संघटनेतून बाहेर पडण्याची मुभा होती, म्हणून एनसीएएची कृती शासनाची ठरत नाही, असे बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी म्हटले. ही मुभा कागदावरचीच होती. एनसीएएबाहेर राहून मोठ्या स्तरावर बास्केटबॉल खेळणे विद्यापीठाला जवळजवळ अशक्य होते. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या भिन्नमतपत्राचे पारडे त्यामुळे आजही अनेकांना जड वाटते. टार्केनियन यांनी १९९२ मध्ये नवा दावा लावला आणि १९९८ मध्ये एनसीएएने २५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

२ एप्रिल १९९० रोजी यूएनएलव्हीने ड्यूक विद्यापीठाला १०३–७३ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. अंतिम सामन्यातील तो सर्वांत मोठा फरक होय. पुढच्या वर्षी सलग ३४ विजयांनंतर तोच संघ उपांत्य सामन्यात ड्यूककडूनच ७७–७९ असा हरला. प्रथेची काळी बाजू लॉइड डॅनियल्सच्या प्रकरणात दिसते. न्यूयॉर्कचा हा असामान्य खेळाडू यूएनएलव्हीने मिळवला, परंतु फेब्रुवारी १९८७ मध्ये क्रॅक कोकेन विकत घेताना तो पोलिसांच्या सापळ्यात अडकला आणि विद्यापीठासाठी एकही सामना खेळला नाही. त्याला आणण्यात हात असलेल्या रिचर्ड पेरी या सट्टेबाजीतल्या माणसाचे यूएनएलव्हीच्या खेळाडूंसोबतचे छायाचित्र १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि टार्केनियन यांच्या तेथील कारकिर्दीचा शेवट जवळ आला. १९९५ नंतर फ्रेस्नो स्टेट येथेही त्यांनी धोरण बदलले नाही. तेथील क्रिस हेरन बॉस्टन कॉलेजमधून अमली पदार्थांमुळे बाहेर पडलेला होता. तो एनबीएपर्यंत पोहोचला, पुन्हा व्यसनात बुडाला आणि २००८ पासून व्यसनमुक्त राहून त्याविषयी व्याख्याने देतो. त्याचे नाव यशाच्या रकान्यात लिहायचे की अपयशाच्या, हे मोजमाप कोणते यावर ठरेल.

जॉर्जटाउनचे उदाहरण : जॉन टॉमसन (१९४१–२०२०) यांनी १९७२ पासून २७ वर्षे जॉर्जटाउन विद्यापीठाचा संघ घडवला. एनसीएए अजिंक्यपद (१९८४) मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. त्यांच्या टेबलावर हवा काढलेला चेंडू असे. चेंडू उडायचा थांबला की पुढे काय, हा त्याचा अर्थ. अभ्यासावर देखरेखीसाठी त्यांनी मेरी फेनलन यांना पहिल्यापासून सोबत घेतले. चार वर्षे टिकलेल्यांपैकी ९७ टक्के खेळाडू पदवीधर झाले, हा आकडा नेहमी दिला जातो. मात्र त्यात मधेच गेलेले धरलेले नाहीत.

त्यांच्या काळातील सर्वांत गाजलेली भरती ॲलन आयव्हरसनची. फेब्रुवारी १९९३ मध्ये व्हर्जिनियातील हॅम्पटन येथे बोलिंग ॲलीत वांशिक हाणामारी झाली. शाळकरी आयव्हरसनला ‘झुंडीने जखमी करणे’ या कलमाखाली १५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकी १० वर्षे स्थगित होती. या कलमाचे मूळ झुंडबळीविरोधी कायद्यात होते, ही बाब तेव्हाच अनेकांना खटकली. चार महिन्यांच्या कैदेनंतर गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी त्याला सोडले आणि १९९५ मध्ये व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयाने अपुऱ्या पुराव्यामुळे शिक्षाच रद्द केली. दरम्यान बोलावणी पाठवणारी महाविद्यालये पांगली होती. त्याच्या आईने टॉमसन यांना भेटून मुलाला पदरात घेण्याची विनवणी केली. दोन हंगामांनंतर, १९९६ च्या एनबीए निवडीत (संघांनी नवे खेळाडू घेण्याच्या वार्षिक फेरीत) तो पहिल्या क्रमांकावर घेतला गेला. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हे गुन्हेगाराला दिलेल्या दुसऱ्या संधीचे उदाहरण मुळीच नाही. तरीही ते तसेच सांगितले जाते.

गुणांची अट : ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम १९८३ मध्ये मंजूर होऊन १९८६ पासून लागू झाला. ११ मुख्य विषयांत (४ पैकी) सरासरी २.० आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेत ७०० किंवा एसीटी या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेत १५ गुण नसलेल्याला पहिल्या वर्षी खेळता येत नसे. वर्तनाशी या नियमाचा काहीही संबंध नव्हता, पण ‘प्रॉप ४८’ हे विशेषण खेळाडूला शिक्क्यासारखे चिकटले. मिशिगन विद्यापीठाच्या रुमील रॉबिन्सनने पहिले वर्ष असेच बाहेर काढले होते. १९८९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत, तीन सेकंद उरलेले असताना त्याने दोन फ्री थ्रो (अडथळ्याविना मिळणाऱ्या फेकी) घालून सेटन हॉल विद्यापीठावर ८०–७९ असा विजय मिळवून दिला. त्याच वर्षी जानेवारीत मंजूर झालेला ‘प्रपोझिशन ४२’ अशा खेळाडूची शिष्यवृत्तीही काढून घेत होता. त्याच्या निषेधार्थ टॉमसन १४ जानेवारी १९८९ रोजी बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्यापूर्वी मैदान सोडून गेले. पुढच्या वर्षी नियम सौम्य करण्यात आला.

बेलर प्रकरण : न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संघातून काढलेला पॅट्रिक डेनेही टेक्ससमधील बेलर विद्यापीठात आला. २००३ मध्ये संघातील सहकाऱ्याने त्याचा खून केला. डेनेहीचे शुल्क आपण नियमबाह्य रीतीने भरल्याचे झाकण्यासाठी प्रशिक्षक डेव्ह ब्लिस यांनी मृत खेळाडू अमली पदार्थ विकत असे, अशी बतावणी करण्यास इतरांना सांगितले. एका सहायकाने हे संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित केले. खेळाडूची डागाळलेली प्रतिमा प्रशिक्षकाच्या किती सोयीची असते, हे दाखवणारा याहून ठळक दाखला सापडत नाही.

अलीकडील नियम : साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठसंघांच्या गटाने २०१५ मध्ये, मुख्यतः अमेरिकन फुटबॉलमधील घटनांमुळे, लैंगिक किंवा कौटुंबिक हिंसेसाठी शिस्तभंगाची कारवाई झालेल्या खेळाडूंना अन्य विद्यापीठांतून घेण्यास बंदी केली. इंडियाना विद्यापीठाने २०१७ मध्ये लैंगिक हिंसेबाबत तसाच नियम नव्या प्रवेशार्थींनाही लावला. एनसीएएच्या २०२० मधील धोरणानुसार खेळाडूंना अशा प्रकरणांची माहिती दरवर्षी द्यावी लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलनंतर (महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीयादीनंतर) महाविद्यालय बदलणे ही रोजची बाब झाली असून ‘आधीच्या संघातून बाहेर पडलेला’ एवढ्यावरून आता कोणी खेळाडूकडे संशयाने पाहत नाही.