मापाचा ब्लाउज घरीच ठेवा, तुम्ही स्वतः या

आमच्याकडं शिवायला टाकणाऱ्या सगळ्या ताई, वहिनी, काकू, मावशी, आज्जींसाठी हे पत्रक. तुमच्या कपड्यांच्या पिशवीतच घातलंय, भाजीची यादी लिहायला वापरा पण आधी एकदा वाचा.

मापाचा ब्लाउज घेणं आम्ही बंद का केलं ते आधी सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी मारुती चौक, हरभट रोड करत आमच्या दुकानात शिरलं तेव्हा मशिनी कशाबशा माळ्यावर चढवल्या, पण मापाची वही आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या ब्लाउजांचं गाठोडं खालीच राहिलं आणि गेलं चिखलात. दिवाळीला सगळ्यांची मापं परत अंगावरनं घ्यायला लागली, आणि तेव्हा कळलं की ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं चौतीस धरून शिवत होतो त्या कधीच अडतीसवर गेल्या होत्या, फक्त दरवेळी "काखेत जरा काचतंय" म्हणत परत यायच्या, आम्ही जरा उसवून द्यायचो आणि दोघींपैकी कुणीच काही बोलायचं नाही. मापाचा म्हणून जो आणतात तो बहुतेकींचा लग्नानंतरचा, एकदम झकास बसलेला ब्लाउज असतो. आता त्यात हातसुद्धा जात नाही हे त्यांनाही माहीत असतं, तरी तोच आणायचा आणि सांगायचं, यापेक्षा इंचभर ढिला ठेवा.

आता हे इंचभर ढिलं प्रकरण चुकतं कारण अंग काय सगळीकडनं सारखं सुटत नाही. चाळिशीनंतर दंड आणि पाठ भरते, खांदा तेवढाच राहतो, म्हणजे सगळा ब्लाउज मोठा केला तर गळा खांद्यावरनं घसरणारच. पाळी जायच्या आसपास, बहुतेकींची ४५ ते ५५ च्या मधी जाते, तेव्हा पोटाचा घेर वाढतो आणि छाती खाली उतरते, मग टक्सचं, म्हणजे छातीला आकार द्यायला घातलेल्या चुणीचं, टोक जुन्याच जागी ठेवलं तर वर नुसती चोच उभी राहते आणि गिऱ्हाईक म्हणतं शिलाई बिघडली. सत्तरीत पाठीला बाक आला की ब्लाउज मागनं आखूड पडतो, पुढनं लोंबतो. तिथं पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या उंचीचा कापायला लागतो, आणि हे जुन्या ब्लाउजवरनं कसं कळणार सांगा.

टेप लावताना बऱ्याच जणी पोट आत घेतात. नका घेऊ, घरी जाऊन सोडणारच आहात.

जुन्या ब्लाउजचं काय, हा प्रश्न रोज येतो. आत माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, सोडलेली असेल तर सैल होतो. हिशोब सोपा आहे, दोन बाजू, प्रत्येक बाजूला कापडाचे दोन पदर, प्रत्येक पदरातनं अर्धा इंच सोडला तर घेर दोन इंच वाढतो. आम्ही नेहमीच भरपूर माया ठेवतो, रेडिमेडला ती बऱ्याचदा कमीच असते. पण रेशमी असेल तर जुन्या शिलाईच्या सुईची भोकं दिसतात आणि आतला रंग गडद राहिलेला असतो, ती रेघ जात नाही, हे आधीच सांगून ठेवते, नंतर भांडण नको. माया संपली असेल तर काखेत पट्टी जोडून देतो, हात खाली असला की दिसत नाही.

खांदा आखडलेल्या बायका आता खूप येतात, साखर असलेल्यांना तर जास्तच होतं ते. हात मागं जात नाही, डोक्यावर जात नाही आणि ब्लाउजचे हुक मात्र मागं. आम्हाला वाटायचं फॅशन म्हणून मागं पाहिजेत, एक काकू शेवटी बोलल्या की सून ऑफिसला गेली की मला दिवसभर ब्लाउज बदलताच येत नाही. तर पुढनं हुक घ्या, बोटं दुखत असतील तर प्रेसबटण घ्या, वर दिसायला हुकाची पट्टी तशीच ठेवतो. अंगातनं वाफा येतात त्यांनी अस्तर सुतीच घ्यायचं, टेरिकॉटचं नको. सुती आम्ही आधी भिजवूनच कापतो, म्हणून एक दिवस जास्त लागतो. छातीचं ऑपरेशन झालेल्या ताईंसाठी अस्तरात आतनं पॅड ठेवायला खिसा शिवून देतो, त्याचं माप बाई कारागीरच पडद्याआड घेते, काउंटरवर मोठ्यानं सांगायची गरज नाही, नुसतं "आतला खिसा" म्हणा.

परकराची नाडी हा माझा भांडणाचा विषय. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधून कंबरेला काळा वळ पडतो, खाज येते, तरी कुणी बोलत नाही. वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन बायकांच्या केसेस छापल्यात, कंबरेवरची तसली न भरणारी जखम पुढं कॅन्सरची निघाली. क्वचितच होतं, घाबरू नका, पण रुंद पट्ट्याचा परकर घ्या, नाडी जरा वर-खाली बांधत जा, आणि जखम भरत नसेल तर आमच्याकडं नाही, डॉक्टरकडं जा.

रंगाबद्दल आम्ही सल्ला देत नाही, पण एक सांगते. नवरा वारल्यावर बायका येतात आणि राखाडी, बदामी असलंच काढायला सांगतात, हात मात्र हिरव्या इरकलीवर फिरत असतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदचा ठराव केला, आपल्यापासनं लांब नाही ते. तुम्ही हिरवं सांगा, आम्ही हिरवं शिवू, कोण विचारणार नाही. तसंच पंजाबी ड्रेस साठीत पहिल्यांदा शिवणाऱ्याही आहेत, सासूबाई असेपर्यंत साडीच नेसली म्हणतात. त्यांना पहिला ड्रेस गुडघ्याच्या खाली आणि ओढणी रुंद देतो, दुसऱ्या वेळी त्या स्वतःच उंची कमी करायला सांगतात.

जी साडी आता नेसायची नाही तिची वाकळ करून मिळेल, सुतीचीच, नायलॉनची नाही.

मापाला येताना रोजचीच ब्रा घालून या, लग्नातली घट्टवाली नको, सगळं माप चुकतं. गौरी-गणपतीच्या आधी पंधरा दिवस अल्टरचं काम घेत नाही. आणि दरवर्षी एकदा माप नव्यानं देऊन जा, त्याचे पैसे नाहीत, वही आता प्लास्टिकच्या डब्यात माळ्यावर असते.