लॅटिनो कामगार म्हणजे बाहेरून आलेलेच?

‘अमेरिकेच्या नैर्ऋत्य राज्यांत दिसणारे हिस्पॅनिक, म्हणजेच लॅटिनो (लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक मुळांचे), कामगार सगळे सीमा ओलांडून आलेले’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. टेक्सास-कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांच्या ग्रुपवरही तो येतो. बांधकामावर, शेतात स्पॅनिश कानावर पडते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही.

आधी इतिहास पाहू. कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. तिथली कित्येक कुटुंबे त्याआधीपासून त्याच गावांत नांदत होती. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको या स्पॅनिशभाषक कॅरिबियन बेटाचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत.

आता आकडे. आज अमेरिकेतल्या एकूण कामकरी लोकांत लॅटिनो साधारण पाचवा हिस्सा आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकेतच जन्मलेले आहेत. उरलेल्यांतही रीतसर नागरिकत्व घेतलेले पुष्कळ. त्यामुळे ‘परदेशात जन्मलेला’ म्हणजे ‘बेकायदा’ हे समीकरण मला फार अन्यायाचे वाटते.

पडताळणी अवघड नाही. सरकारी श्रम-आकडेवारी इंटरनेटवर सर्वांना मोफत पाहता येते. तिच्यात जन्मस्थानानुसार वेगळा तक्ता असतो. लॅटिनोंची ओळ त्यातच बघावी. वंशानुसारचा सर्वसाधारण तक्ता वेगळा असतो, त्याखालची टीपही वाचा: लॅटिनो व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकते. म्हणून त्या तक्त्यात गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिनो यांच्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते. फॉरवर्डमध्ये ती नेमकी शंभर भरत असेल, तर मूळ तक्ता उघडून बघा.